जुलाब थांबवण्याच्या मागे लागू नका, गेलेलं पाणी भरून काढा

ताई, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. मुलगा १४ महिन्यांचा, वजन ९ किलो. परवा रात्री अचानक उलट्या सुरू झाल्या, काल सकाळपासून पाण्यासारखी शी, दिवसभरात आठ-नऊ वेळा. ताप १०१ पर्यंत. शीमध्ये रक्त नाही. डॉक्टरांनी एक अँटिबायोटिक सिरप आणि जुलाब बंद व्हायचं औषध लिहून दिलंय. ओआरएस पेल्याने पाजलं की भडाभडा उलटून टाकतो. सासूबाईंचं म्हणणं, दात येतायत म्हणून होतंय, दूध बंद करा, जायफळ उगाळून द्या. आणि तुमची खरी काळजी ही की सलाईन लावावं लागेल का आणि घरी किती वेळ थांबायचं.

आधी उलट्या, मग पाण्यासारखे जुलाब, जोडीला थोडा ताप आणि रक्त नाही, हा क्रम या वयात दिसला की बहुतेक वेळा मागे विषाणूच असतो. रोटा किंवा नोरो, कधी अ‍ॅडिनो. आपल्याकडे थंडीत रोटा जास्त दिसतो. पावसाळ्यात गढूळ पाण्यामुळे होणारे जुलाब वाढतात आणि त्यांत जिवाणूंचाही वाटा असतो. नेमका कोणता विषाणू हे कळून उपचारात काहीही बदलत नाही, म्हणून अशा बाळाची शी तपासायला पाठवण्याची सहसा गरज नसते. रक्त असेल, आव पडत असेल, जुलाब १४ दिवसांच्या पुढे गेले असतील किंवा गावात कॉलऱ्याची साथ असेल, तर गोष्ट वेगळी.

या आजाराचं वेळापत्रक ठरलेलं असतं आणि ते आईवडिलांना पहिल्याच दिवशी सांगायला हवं. उलट्या एक-दोन दिवसांत ओसरतात. जुलाब पाच ते सात दिवस चालतात, कधी थोडे जास्तही. म्हणजे उद्या आणि परवाही शी पातळच होणार आहे. ते औषध लागू न पडल्याचं लक्षण नाही. हे माहीत नसल्यामुळे तिसऱ्या दिवशी घरात घबराट होते, डॉक्टर बदलले जातात आणि एका बाळाच्या पोटात पाच-पाच सिरपं जातात.

जुलाब लगेच का थांबत नाहीत? लहान आतड्याच्या आतल्या बाजूला मखमलीसारखे बारीक उंचवटे असतात. अन्न आणि पाणी शोषून घेणाऱ्या पेशी त्यांच्या टोकांवर असतात आणि विषाणू नेमक्या त्याच पेशी मारतो. नव्या पेशी खालून वर येऊन जागा घेतात, पण त्याला काही दिवस लागतात. हा वेळ कमी करणारं औषध आज तरी कोणाकडे नाही. मात्र पेशी मेल्या तरी एक दार बऱ्यापैकी उघडं राहतं. ग्लुकोज आणि सोडियम जोडीने आलं की आतडं ते आत घेतं आणि त्यांच्यामागून पाणीही आत जातं. ओआरएस या एवढ्याच गोष्टीवर उभं आहे. म्हणून त्यातलं मीठ-साखरेचं प्रमाण महत्त्वाचं. साखर जास्त झाली तर ती आतड्यातच पडून राहते, उलट शरीरातलं पाणी ओढते आणि जुलाब वाढतात.

ओआरएस म्हणजे गरिबांचं औषध आणि सलाईन म्हणजे खरा इलाज, असं मानणारी शिकली-सवरलेली माणसं मला रोज भेटतात. १९७१ मध्ये बांगलादेशच्या युद्धात पश्चिम बंगालमधल्या बनगावला निर्वासितांच्या छावणीत कॉलरा पसरला होता. सलाईन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, सोडा आणि ग्लुकोजचं मिश्रण पाण्यात कालवून पिंपांतून वाटलं आणि पाजायचं काम नातेवाइकांवर सोपवलं. ३० टक्क्यांच्या आसपास असलेलं मृत्यूचं प्रमाण ४ टक्क्यांच्या खाली आलं. त्या माणसांची अवस्था तुमच्या बाळापेक्षा कितीतरी वाईट होती. २०२२ मध्ये ते गेले, पुढच्या वर्षी त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं.

आता पाजायचं कसं, कारण तुमची अडचण तिथेच आहे. पाकीट घ्या आणि त्यावर किती पाण्यासाठी आहे ते वाचा. मोठं पाकीट १ लिटरचं असतं, छोटं २०० मिलीचं. मोठं असेल तर उकळून गार केलेलं बरोबर १ लिटर पाणी घ्यायचं. घरातली एक लिटरची पाण्याची बाटली हे सगळ्यात सोपं माप. अख्खं पाकीट एकाच वेळी त्यात टाकायचं. त्यात साखर, दूध, सरबत काही मिसळायचं नाही आणि तयार झाल्यावर पुन्हा उकळायचं नाही. २४ तासांत संपलं नाही तर ओतून द्या आणि नवीन करा.

‘बाळ एवढंसं पितं, मग अख्खं लिटर कशाला वाया घालवायचं’ म्हणून पुष्कळ आया वाटीभर पाण्यात चिमूट-दोन चिमूट पावडर टाकून देतात. कधी पाव लिटरमध्ये अर्धं पाकीट जातं. असं घट्ट ओआरएस फार वाईट. रक्तातलं सोडियम चढतं, बाळ तहानेने कासावीस होतं, किरकिरं होतं, अंगाला हात लावू देत नाही, आणि सोडियम फार वाढलं तर झटके येतात. अशी बाळं मी अतिदक्षता विभागात पाहिली आहेत. घरच्यांनी जीव तोडून ओआरएस पाजलेलं असतं, चुकलेलं असतं फक्त पाणी. उरलेलं ओआरएस खुशाल फेका. पाकीट काही रुपयांचं आहे आणि आशाताईंकडे, अंगणवाडीत, उपकेंद्रात फुकट मिळतं.

पेला तोंडाला लावला तर तहानलेलं बाळ घटाघट पितं, पोट एकदम ताणलं जातं आणि उलटी होते. म्हणून पेला बाजूला ठेवा. सुई नसलेली ५ मिलीची सिरिंज घ्या किंवा चमचा. बाळाला मांडीवर जरा उभट धरा. सिरिंजचं टोक गालाच्या आतल्या बाजूला ठेवून हळूहळू ५ मिली सोडा, मोबाइलवर दोन मिनिटं लावा, मग पुढचे ५ मिली. उलटी झालीच तर दहा मिनिटं काही देऊ नका आणि पुन्हा सुरू करा, या वेळी अजून सावकाश. फ्रिजमध्ये गार केलेलं काही बाळं जास्त आवडीने घेतात.

हे वेळखाऊ वाटतं, पण हिशेब करा. दर दोन मिनिटांना ५ मिली म्हणजे तासाला १५० मिली, चार तासांत ६०० मिली. अंगातलं पाणी कमी झालेल्या ९ किलोच्या बाळाला आम्ही दवाखान्यात चार तासांत जेवढं ओआरएस पाजतो, ते किलोला ७५ मिली या मापाने ६७५ मिली होतं. म्हणजे घरात आई, बाबा आणि आजी आळीपाळीने बसले तर दवाखान्यातला जवळजवळ सगळा उपचार मांडीवरच होतो. उलट्या ओसरल्या आणि पाणी कमी झाल्याच्या खुणा नसल्या की इतकं घड्याळ बघायला नको. मग प्रत्येक पातळ शीनंतर साधारण ५० ते १०० मिली द्या. दोन वर्षांवरच्या मुलाला १०० ते २००. ओआरएस थुंकून टाकणाऱ्या बाळाबद्दल एक निरीक्षण सांगते: ज्याच्या अंगात पाण्याची खरी ओढ असते ते खारट-तुरट चव असूनही ओआरएस मागून पितं. तुमचा मुलगा खेळतोय, शू करतोय आणि ओआरएसला तोंड वाकडं करतोय, तर सध्या त्याला तितकी गरज नसेल. मग वरणाचं पाणी, मीठ घातलेली भाताची पेज, पातळ ताक, साधं पाणी, यांतलं जे घेईल ते द्या.

दुकानातलं रंगीत पाकीटबंद पेय ओआरएस म्हणून आणू नका. त्यांत साखर कित्येक पट जास्त आणि मीठ फारच कमी असतं. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला, तेव्हा कुठे ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांच्या नावात ‘ओआरएस’ वापरायला मनाई केली. तरी केमिस्टकडे मागताना पाकीट उलटून जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे आहे असं लिहिलंय ना ते बघा. कोला, डब्यातला फळांचा रस, ग्लुकोजची नुसती पावडर हेसुद्धा नको. पाकीट मिळेपर्यंतची सोय म्हणून घरी करायचं असेल, तर १ लिटर पाण्यात साखर ६ सपाट छोटे चमचे आणि मीठ अर्धा सपाट छोटा चमचा. चमचा बोटाने सपाट करा आणि चाखून बघा. अश्रूंपेक्षा खारट लागलं तर टाकून द्या.

शी किती वेळा झाली हे मोजत बसू नका, बाळाकडे बघा. शू किती होतेय हे सगळ्यात महत्त्वाचं, आणि नेमकं तेच हल्ली कळत नाही, कारण डायपरमध्ये पातळ शी आणि शू एक होऊन जातं. घरी असताना डायपर काढून सुती लंगोट बांधा, किंवा डायपरच्या पुढच्या भागात कापसाची घडी ठेवा, ती ओली झाली की शू झाली. सहा-आठ तास शू नाही किंवा गर्द पिवळी आणि थेंबभर होतेय, हे चांगलं लक्षण नाही. रडताना डोळ्यांत पाणी येतं का, जीभ ओली आहे का, डोळे खोल गेलेत का (हे रोज बघणाऱ्या आईला आमच्याहून लवकर कळतं), पाणी दिसलं की झडप घालतो का, ते बघा. बेंबीच्या बाजूची कातडी चिमटीत धरून सोडा. ती लगेच सपाट व्हायला हवी, हळूहळू बसत असेल तर अंगातलं पाणी कमी झालंय. लहान बाळात टाळू खोल गेलेली दिसते. गावाकडे याला टाळू बसली म्हणतात आणि वर तेल थापतात. तेलाने ती वर येत नाही, पोटात पाणी गेलं की येते.

जायफळाचं इथेच सांगते. सासूबाई काळजीपोटी सांगतायत आणि गुटीत जायफळ, मुरुडशेंग पिढ्यान्‌पिढ्या आहे, हे मला माहीत आहे. पण जायफळाने गुंगी येते. जुलाब झालेलं बाळ मलूल पडलं तर ते पाणी कमी झाल्यामुळे की जायफळामुळे, हे आम्हाला ओळखता येत नाही आणि घरच्यांना तर ‘शांत झोपलंय’ असं वाटतं. त्या झोपेत चार-सहा तास पाजणं राहून जातं. म्हणून या दिवसांत जायफळ नको. सहाणेवर उगाळलेलं काहीच नको, कारण ती सहाण आणि ते पाणी किती स्वच्छ हा प्रश्नही आहेच.

दवाखान्यात लगेच कधी न्यायचं? बाळ हाक मारूनही नीट जागं होत नाही, मान टाकतंय, पाजलेलं काही घेतच नाही, हातपाय गार पडलेत, दर वेळी सगळंच उलटून पडतंय. उलटी हिरवी झाली किंवा शीमध्ये रक्त दिसलं तर रात्रीचे दोन वाजले असले तरी निघा. आणखी एक चित्र लक्षात ठेवा: बाळ मध्येच पाय पोटाशी घेऊन किंचाळतं, पाच-दहा मिनिटांत शांत होतं, पांढरंफटक पडतं, पुन्हा तेच. मग जेलीसारखी लालसर शी होते. हे आतड्यात आतडं अडकल्याचं असू शकतं. ते दोन वर्षांखालच्या बाळांत जास्त होतं आणि तिथे तासांना किंमत असते. नुसत्याच उलट्या आहेत आणि २४ तास उलटले तरी जुलाब सुरू झाले नाहीत, तर ते पोटाचंच आहे असं धरून चालू नका, तपासून घ्या. तीन महिन्यांखालचं बाळ, वजन फार कमी असलेलं बाळ किंवा हृदय-मूत्रपिंडाचा आजार असलेलं बाळ असेल तर पहिल्या दिवशीच दाखवा.

सलाईनचं उत्तर यातच आलं. पाजलेलं पोटात टिकत नाही, किंवा बाळ इतकं मलूल आहे की गिळू शकत नाही, तेव्हा सलाईन लागतं आणि तेव्हा ते जीव वाचवतं, त्याला नाही म्हणू नका. बाकी ‘एक बाटली लावून टाका, बरं वाटेल’ म्हणून बाळाच्या हाताला सुया टोचण्यात काही अर्थ नाही. उलट्याच अडचण करत असतील तर ऑन्डॅनसेट्रॉन या उलटी थांबवणाऱ्या औषधाचा वजनाप्रमाणे एक डोस देऊन अर्ध्या तासाने ओआरएस सुरू केलं की पुष्कळ बाळांचं सलाईन टळतं. तो डोस मात्र डॉक्टरांनी ठरवायचा.

तुम्हाला लिहून दिलेल्या औषधांबद्दल स्पष्ट बोलते. विषाणूवर अँटिबायोटिक काम करत नाही. रक्ताची आव, कॉलरा, अगदी लहान किंवा खूप आजारी बाळ, अशा ठिकाणी ते लागतं. तुमच्या वर्णनात त्यातलं काही नाही. ओफ्लॉक्सासिन आणि ऑर्निडाझोल एकत्र असलेलं सिरप आपल्याकडे सर्रास दिलं जातं. त्याने हा आजार एक तासही लवकर बरा होत नाही आणि अँटिबायोटिकमुळेच जुलाब लांबलेली मुलंही दिसतात. जुलाब ‘बांधणारं’ औषध जर लोपेरामाइड किंवा डायफेनॉक्सिलेट असेल तर देऊच नका. लहान मुलाचं आतडं त्याने लुळं पडतं, पोट फुगतं, बाळ गुंगीत जातं. शी दिसत नाही म्हणून बरं वाटतं, पण पाणी आतड्यात साचतच असतं. बाटलीचं नाव वाचा आणि डॉक्टरांना फोन करून सरळ विचारा की हे नेमकं कशासाठी. विचारण्यात उद्धटपणा काही नाही. तापाला पॅरासिटामॉल पुरे. आयबुप्रोफेन किंवा मेफेनॅमिक अ‍ॅसिड असलेली तापाची औषधं अंगात पाणी कमी असताना मूत्रपिंडावर ताण आणतात, ती या आठवड्यात टाळा.

झिंक मात्र लिहून घ्या. सहा महिन्यांवरच्या मुलाला रोज २० मिलिग्रॅम, दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला १० मिलिग्रॅम, १४ दिवस. जुलाब थांबले तरी १४ दिवस पूर्ण करायचे. हा आजार थोडा लवकर आटोपतो आणि पुढचे दोन-तीन महिने पुन्हा जुलाब होण्याची शक्यता कमी होते. विरघळणारी गोळी चमचाभर पाण्यात किंवा आईच्या दुधात देता येते. उपाशीपोटी दिली तर मळमळतं, म्हणून उलट्या ओसरल्यावर, काही खाल्ल्यावर द्या.

दूध बंद करू नका. अंगावरचं दूध तर अजिबात नाही, उलट मागेल तितक्या वेळा पाजा, रात्रीसुद्धा. वरचं दूध घेत असेल तर तेही नेहमीसारखं, पाणी घालून पातळ न करता. आठवडा झाल्यावरही दूध प्यायलं की लगेच फसफसणारी, आंबूस वासाची शी होतेय आणि ढुंगण लालभडक झालंय, असं असेल तर दुधातली साखर तात्पुरती पचत नसते. तेव्हा काही दिवस वरचं दूध कमी करून दह्यावर भागवावं लागतं, डॉक्टरांना विचारून.

उपाशी ठेवणं हा आपल्या घराघरांतला जुना समज आहे आणि मला सर्वांत जास्त भांडावं लागतं ते त्याच्याशी. नव्या पेशी तयार व्हायला अन्न लागतं. मुगाची मऊ खिचडी, गुरगुट्या भात, वरण आणि वर चमचाभर तूप, दहीभात, कुस्करलेलं केळं, उकडलेला बटाटा. थोडं थोडं, दिवसातून सहा वेळा. साबुदाण्याचं पाणी आणि बिस्किटं यांवर आठवडा काढू नका, त्यात बाळाचं वजन उतरतं. बरं झाल्यावर दोन आठवडे रोज एक जेवण जास्त द्या.

दातांचं म्हणाल, तर दात येण्याचं वय आणि रांगत, उभं राहत हाताला लागेल ते तोंडात घालण्याचं वय एकच आहे. शिवाय आईकडून आलेली प्रतिकारशक्तीही तोवर विरलेली असते. दात आले म्हणून दिवसाला आठ पातळ शी होत नाहीत.

घरात आता बाकीच्यांना सांभाळा. हे विषाणू शी आणि उलटीतून हातावर येतात, हातावरून तोंडात जातात. नोरोवर सॅनिटायझर पुरेसं नाही, साबण आणि वाहतं पाणीच हवं, शी धुतल्यावर आणि भरवण्याआधी, प्रत्येक वेळी. शी धुणाऱ्यानेच लगेच कणीक मळायला घेऊ नये. मळलेले कपडे वेगळे भिजवा, फरशीवरची उलटी ब्लीचच्या पाण्याने पुसा. दुधाची बाटली आणि बूच वापरत असाल तर ही त्यांना निरोप द्यायची चांगली वेळ आहे. वाटी-चमचा धुवायला सोपा.

रोटाची लस घेतली होती, मग हे कसं, असंही तुम्ही विचारलंय. लस रोटावरच आहे, नोरोवर नाही. आणि रोटावरही ती प्रत्येक जुलाब अडवत नाही, गंभीर आजार बराच कमी करते. भारतात बनलेल्या ११६ई नावाच्या रोटा लसीची चाचणी दिल्ली, पुणे आणि वेल्लोर इथे झाली, त्यात पहिल्या वर्षात रोटाचे गंभीर जुलाब सुमारे ५६ टक्क्यांनी कमी झाले. ही लस ६, १०, १४ आठवड्यांना सरकारी केंद्रात मोफत तोंडावाटे देतात आणि वर्षानंतर ती सुरू करता येत नाही, म्हणून वाचणाऱ्यांपैकी कोणाचं बाळ तान्हं असेल तर आजच कार्ड काढून बघा. तुमच्या मुलाला घेतली होती ते चांगलंच केलंत.

पाळणाघरात मात्र शेवटची पातळ शी किंवा उलटी होऊन ४८ तास उलटल्याशिवाय पाठवू नका. तिथल्या ताईंनाही कळवा, म्हणजे त्या इतर आयांना सावध करतील. शू नीट होत असेल आणि मधूनमधून खेळत असेल, तर आजची रात्र घरीच सिरिंज घेऊन काढा आणि उद्या सकाळी वजन करून आणा. आज ९ किलो आहे आणि उद्या साडेआठच्या खाली उतरलं, तर जुलाब कमी झाल्यासारखे वाटले तरी बालरोगतज्ज्ञांकडे घेऊन जा.